गाळलेलं वाक्य

एल्सपा आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर वाचन आणि विणकाम दोन्ही बंद सांगितलं. विणकाम तिनं दुसऱ्याच दिवशी सुरू केलं, कारण सुया चालवायला तिला डोळे लागतच नाहीत. वाचायला मात्र माणूस हवं होतं. म्हणून मला फोन आला. राजधानीत, तोर्शहावनमध्ये, माझी परीक्षा नुकतीच संपली होती, आणि ज्या शाळेत मी मुलांना वाचायला शिकवते तिला नाताळची सुट्टी लागली होती. बस, मग फेरीबोट, मग घाटाची चढण असं करत मी गावात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि घराघरांत दिवे लागले होते. आमच्याकडं हिवाळ्यातला दिवस म्हणजे घाईतला पाहुणा. टेकतो न टेकतो तोच उठतो.

काम एवढंच होतं. पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं.

आत्याच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी तिघं जमतात. स्वतः आत्या, शेजारची हेर्बोर आणि म्हातारा यूस्तिनुस. तिघंही विणतात, यूस्तिनुससुद्धा. त्याचे हात सत्तर वर्षं दोर ओढून असे झालेत की त्यात सुया म्हणजे काड्या वाटतात. शेगडीवर कॉफी, भिंतीला डांबराचा वास, खिडकीबाहेर वाऱ्यावर वाळायला टांगलेल्या मेंढीच्या तंगड्या. शेगडीला लागून आतोबांची खुर्ची. दान्याल आतोबा तीन वर्षांपूर्वी गेले, पण त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तिच्यावरची उशी आत्या रोज सकाळी शेगडीच्या दांडीवर वाळत घालते आणि दुपारी परत ठेवते. मला ती विधवेची सवय वाटायची. या घरात ओल फार, असंही वाटायचं.

माझा धाकटा भाऊ त्रोंदूर आत्याकडंच राहतो. त्याची स्वतःची छोटी होडी आहे. एकटा जातो, गळ टाकतो, मिळतील ते हॅडक मासे घेऊन येतो. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांचे.

पुस्तक भयकथेचं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी याच गावच्या एका शिक्षकानं लिहिलेली कादंबरी. आठ माणसांची होडी मासेमारीला जाते, धुकं येतं, होडी परत येते, आणि मग गावात काय काय होतं त्याची गोष्ट. आमच्या गावात प्रत्येक घरात तिची एक प्रत आहे आणि प्रत्येक म्हातारी ती दर हिवाळ्यात एकदा ऐकते. भाषा जुनी, समुद्रावरची. पहिल्या पानापासून मला शब्द अडायला लागले.

अडले म्हणून मी थांबत नाही. शाळेतल्या मुलांना मी तेच सांगते. अनोळखी शब्द दिसला की गांगरू नका. मागचं बघा, पुढचं बघा, मधे आपला अंदाज ठेवा, बसतो का बघा. शब्दाचं माणसासारखंच असतं. कुणाबरोबर उठतो-बसतो ते बघितलं की तो कळतो.

एक शब्द आधी मला जनावराचा वाटला, कारण तो डोंगरावरून पायांशिवाय उतरला, घराची एकच भिंत चाटली आणि तीन मेंढ्या खाल्ल्या. पुढच्या पानावर मेंढ्या जिवंत सापडल्या. म्हणजे धुकं. एका अंगानं उतरणारं धुकं. दुसरा एक शब्द बुडत्या होडीतल्या माणसाच्या हातात होता आणि तो 'प्रार्थनेपेक्षा वेगानं' हलत होता. म्हणजे पाणी उपसायचं भांडं. मी अर्थ सांगितला की हेर्बोर कौतुकानं मान हलवायची आणि यूस्तिनुस पुटपुटायचा की हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्रोंदूर दारात बूट काढत ऐकत उभा असायचा. म्हणाला, “मास्तरीणबाई, मग माझ्याशेजारी कोण बसतं ते बघून माझा अर्थ सांगा.”

“तुझ्याशेजारी मासे बसतात. तुझा अर्थ वासावरूनच कळतो.”

असे आम्ही.

एका गोष्टीत मात्र मला अंदाज करावा लागला नाही. कादंबरीतली माणसं होडीत असताना सुरीला सुरी म्हणत नाहीत, 'धारेचं' म्हणतात. पाद्रीबाबांना 'काळा सदरा' म्हणतात. ते आम्ही अजूनही पाळतो. जमिनीवर काहीही बोला, होडीत पाय ठेवला की काही नावं घ्यायची नाहीत, कारण पाण्यात ऐकणारे असतात, असं म्हातारी माणसं सांगतात. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण मी कितीही शिकले तरी होडीत माझी जीभ आपोआप वळते. लहानपणी लागलेलं वळण आहे ते, जाता जात नाही.

मग एका दुपारी तो शब्द आला.

वाक्य असं होतं: 'बाकावर पाण्याचा डाग राहिला तो वाळला नाही. वल्ह्यांचा ठेका नीट पडत होता. नुल्वा घरी निघाला होता.'

मी 'नुल्वा' म्हणाले आणि तिघांच्याही सुयांचा आवाज थांबला. शेगडीचा तेवढा राहिला. एल्सपा आत्याच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात औषध. तरी तिनं हात पुढं केला, बरोबर पानाचा कोपरा पकडला आणि पान उलटलं.

“पुढं वाच,” ती म्हणाली.

“अगं, अर्धं पान राहिलं.”

“ते आम्ही वाचत नाही.”

आम्ही वाचत नाही. मला या वाक्याचा लहानपणापासून संताप आहे. आम्ही विचारत नाही, आम्ही बोलत नाही, आम्ही तिकडं जात नाही. मी म्हटलं, अर्थ ठाऊक नसेल तर तसं सांगा, त्यात लाज कसली. हेर्बोर सुईवरचे टाके मोजायला लागली. यूस्तिनुस म्हणाला की त्या शब्दाला अर्थ नाही, म्हणूनच तो ठेवलाय. मी म्हटलं, बिनअर्थाचा शब्द नसतो. आजूबाजूचं वाचू द्या, पुस्तक संपायच्या आत मी अर्थ सांगते.

“सांगू नकोस,” आत्या म्हणाली. रागानं नाही. कुणी कॉफीत साखर नको म्हणावं तसं.

त्यांनी गाळलेली पानं मी एकटीनं वाचली, सकाळी, खिडकीत बसून. शब्द पुस्तकभर पेरलेला होता आणि लेखकानं एकदाही तो उलगडून सांगितला नव्हता. मला तो आव्हान देतोय असं वाटलं. पहिला अंदाज सोपा होता. आठ जणांच्या होडीत वल्ह्यांचा एक ठेका जास्त ऐकू येतो, एक वाटी जास्त भरली जाते. म्हणजे जास्तीचा कुणीतरी. दुपारी मी जाहीर करून टाकलं की नुल्वा म्हणजे नववा माणूस.

आणि ते तिघं खूश झाले. हेर्बोरनं श्वास सोडला. यूस्तिनुस चक्क हसला. आत्यानं मला कॉफी दिली, शाबास म्हणाली.

हे मला खटकलं. मी मुलांना शिकवते. बाकाखाली काहीतरी लपवलेलं पोर, बाई दुसऱ्याच बाकाखाली शोधताना बघून जसं हसतं, तसं ते हसू होतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा बसले. या खेपेला शब्दाच्या फक्त पुढचं वाचलं. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक, त्या शब्दानंतर किनाऱ्यावर कुणीतरी परतलेली माणसं मोजतं. आणि मोजणी बरोबर येते. आठ गेले, आठ आले. माणूस जास्तीचा असता तर नऊ भरले असते. म्हणजे जास्तीचा नव्हताच.

मग बाकीची वाक्यं आपोआप जागेवर बसत गेली. तो जिथं बसतो ती जागा वाळत नाही. त्याला थंडी वाजत नाही. आणि जन्मभर होडीत 'धारेचं' म्हणणारा माणूस परतीच्या वाटेवर सरळ 'सुरी दे' म्हणतो. न घाबरता. पाण्यात ऐकणारे असतात म्हणून नाव घ्यायचं नाही, हे त्याला कसं ठाऊक असणार?

पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. त्या होडीच्या वेळी सगळं गाव किनाऱ्यावर गप्प उभं राहिलं. कुणी दुसरी होडी पाण्यात लोटली नाही, कारण तशी रीत होती. त्याआधी दोन वेळा होड्या धुक्यात सापडलेल्या, तेव्हा कुणीतरी शोधायला गेलं होतं. त्या दोन्ही प्रकरणांत तो शब्द नव्हता.

त्या दुपारी मी पुस्तक उघडलंच नाही. सरळ सांगितलं.

“नुल्वा म्हणजे समुद्रात राहून गेलेल्याच्या जागी जो परत येतो तो.”

 आत्या उठली, शेगडीच्या दांडीवरची उशी तिनं काढली आणि दोन्ही तळव्यांत धरून दाबली. तीन वर्षं रिकाम्या असलेल्या खुर्चीवरची उशी. तिच्या बोटांमधून पाणी आलं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, “आतोबा?”

“लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात होडी हरवली होती त्याची. सकाळी परत आला.” तिनं उशी पुन्हा दांडीवर टाकली. “चांगला होता माझ्याशी. आधीच्यापेक्षा चांगला.”

“आणि तू विचारलं नाहीस कधी?”

“विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.”

मी खिडकीकडं तोंड फिरवलं, नाहीतर फार बोलले असते. आणि तेव्हा दिसलं. डोंगरावरून ते उतरत होतं, पायांशिवाय, एका अंगानं. यूस्तिनुसच्या घराची एक भिंत गेली, मग होडीघरं गेली, मग धक्का.

त्रोंदूर सकाळपासून बाहेर होता.

फोन लावला, वाजत राहिला. बचाव बोटीला कळवलं. ती शेजारच्या बेटावरून येणार, तासभर लागेल म्हणाले. यूस्तिनुस म्हणाला, पोरगा समजूतदार आहे, खडकाच्या आडोशाला थांबेल. हेर्बोरनं हात जोडले. आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली, “येईल तो.”

“येईल. पण कोण येईल?”

“सुन्नुवा... तसं बोलू नये.”

“मी बोलणार. तुम्ही सगळ्यांनी ते पुस्तक पन्नास वेळा ऐकलंत आणि जे वाक्य कामाचं तेच गाळलंत. कुणी शोधायला गेलं नाही म्हणून ते झालं. मी जातेय.”

यूस्तिनुसनं दार अडवायचा प्रयत्न केला. मी दाराजवळच्या खुंटीवरचं त्याचंच तरंगजाकीट घातलं, मला ढगळ होत होतं, सगळ्या पट्ट्या आवळल्या, आणि त्याचीच वल्ह्यांची होडी लोटली. जाताना मागं आत्याचा आवाज ऐकू आला. ती ओरडत नव्हती. माझं नाव हळू आवाजात पुन्हा पुन्हा घेत होती, पाठ करावं तसं.

धुक्यात पहिल्यांदा डोळे जातात, मग कान मोठे होतात. त्रोंदूरची जागा मला ठाऊक होती. धक्का सोडला की लाटेचा तिरका मार डाव्या अंगाला ठेवायचा, मग सुळक्याखाली पक्ष्यांचा गलका येतो, तिथून पुढं. हिवाळ्यात पक्षी नसतात, पण सुळक्यावर फुटणारं पाणी वेगळं वाजतं. मी वल्हवत होते. लोकर भिजल्याचा वास येत होता. माझ्या वल्ह्यांचा ठेका आणि त्याच्या मागोमाग, अगदी जवळून, आणखी एक ठेका. मी थांबले. तो एकदा वाजला, मग थांबला.

“ठेका चुकतोय तुझा,” मी मोठ्यानं म्हटलं आणि पुढं निघाले. मला भीती वाटली नाही असं नाही. पण ज्याचा अर्थ आपल्याला कळलाय त्याला किती घाबरायचं?

त्रोंदूरची होडी अचानक समोर आली, हाताच्या अंतरावर. तो मधल्या फळीवर बसला होता. इंजिनच्या पंख्यात गळाचा दोर गुंडाळला गेला होता आणि बोटं इतकी गारठली होती की त्याला काही सुचत नव्हतं. चेहरा पांढरा, ओठ निळे. मी दोन्ही होड्या हातानं धरून ठेवल्या आणि लगेच जवळ गेले नाही. आधी म्हटलं, “दोर कापायचाय. दे इकडं.”

“काय दे?”

“काय लागतं दोर कापायला?”

त्यानं माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. “धारेचं ना? फळीखाली आहे. पातं स्वतःकडं धरू नकोस, मास्तरीणबाई.”

मला रडू आलं. तो माझाच भाऊ होता. मी वेळेत पोचले होते.

मी माझ्या होडीचा दोर हातात घेऊन त्याच्या होडीत पाय टाकला आणि त्याच क्षणी दोन्ही होड्या फाकल्या. पाणी डोक्यावरून गेलं. खाली शांत होतं. कुणीतरी खालून वर येत होतं आणि मी वाटेत होते, की मी वर येत होते आणि कुणीतरी वाटेत होतं, ते आता नीट आठवत नाही. मग मी होडीत होते.

त्रोंदूर हमसून हमसून रडत होता. म्हणे मी इतका वेळ पाण्याखाली होते की त्यानं 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना पूर्ण म्हटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. काहीतरीच. क्षणभराचं काम होतं. तरंगजाकीट अंगावर नव्हतं, ढगळच होतं ते, निसटलं असणार. मला थंडीसुद्धा वाजत नव्हती.

“रडू नकोस, बावळटा,” मी म्हटलं. “सुरी दे, दोर कापून टाकते.”

त्याचं रडणं थांबलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं फळीखाली हात घातला, स्वतःच पंख्याकडं वळला आणि माझ्याकडं पाठ करून दोर कापला. दमला होता बिचारा. 

धक्क्यावर कंदील घेऊन तिघं उभी होती. आत्यानं त्रोंदूरला चाचपलं, त्याचा चेहरा, त्याचे कान, आणि त्याला छातीशी धरलं. मग कंदील माझ्याकडं केला. तिच्या त्या औषध घातलेल्या डोळ्याला काय दिसलं कोण जाणे.

“दोघं,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”

घरात आल्यावर तिनं आतोबांची खुर्ची शेगडीजवळ ओढली, तिच्यावर एक जुनं गोणपाट चारपदरी घातलं आणि मला बसायला सांगितलं.

मी ठणठणीत आहे. तोर्शहावनला अजून परत गेले नाही. शाळेतून दोनदा फोन आला, पण तिथं समुद्र नीट ऐकू येत नाही. त्रोंदूर मला होडीत घेत नाही, काम फार आहे म्हणतो. यूस्तिनुसला आठवड्यानं त्याचं तरंगजाकीट किनाऱ्यावर सापडलं. त्यानं ते खुंटीला लावलं. सगळ्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. आत्या माझ्याशी चांगली वागते, आधीपेक्षा चांगली. रोज सकाळी माझी उशी दांडीवर वाळत घालते.

अक्षरं मला हल्ली जरा पुसट दिसतात, म्हणून आता हेर्बोर वाचते. ती वाक्यं गाळते. मी सांगते तिला की बाई, गाळू नकोस, मागचं-पुढचं वाचल्याशिवाय अर्थ कसा कळणार? ती पान उलटते. त्या शब्दाचा अर्थ मी शोधून काढला होता एवढं मला लख्ख आठवतं. काय होता ते मात्र जिभेवर येत नाही, आणि खरं म्हणजे शोधावंसंही वाटत नाही, कारण तो मला आता अनोळखी वाटतच नाही.

काल हेर्बोरनं चष्मा बदलला होता. पानाचा अंदाज चुकला आणि तिच्या तोंडून तो निसटला.

“...नुल्वा...”

सुया थांबल्या. आत्याचा हात पानाकडं गेला. पण त्याआधीच मी मान वर करून 'ओ' दिली होती.